फाइव्ह गार्डनची सावली नक्की कुणी लावली?

पावसाळा तोंडावर आला की फाइव्ह गार्डनचे, म्हणजे मुंबईत दादर-माटुंग्याच्या पारशी कॉलनीतल्या पाच बागांचे, फोटो सुरू होतात. ओला रस्ता, वर रेन ट्रीची कमान, बाकावर एखादे पारशी बावाजी आणि खाली ठरलेली ओळ : 'जुनी मुंबई किती सुंदर होती!' मीही असे फोटो लाइक करतो. पण ती ओळ वाचली की दरवेळी हात शिवशिवतात, म्हणून आज एकदाचं लिहून टाकतो. लांबलचक होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

जुनी मुंबई सुंदर नव्हती हो. जुनी मुंबई मांडवीत, कामाठीपुऱ्यात, उमरखाडीत एकेका खोलीत दहा-दहा माणसं कोंबून राहत होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे पहिले रोगी ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. पुढच्या काही महिन्यांत ज्याला शक्य होतं तो गावाला पळाला, गिरण्यांना माणसं मिळेनाशी झाली, बंदरावरचा व्यापार अडला. व्यापार अडला तेव्हा सरकार हललं, आणि १८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखायच्या, असं त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट या ट्रस्टचा, आजचा मोहम्मद अली रोडही त्याचाच. आणि दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा सगळा पट्टाही त्याचाच. तेव्हा इथे भातशेती होती नि शहराच्या लेखी हे उपनगर होतं. आज आपण त्याला मुंबईचं मध्य म्हणतो.

म्हणजे ज्या झाडांखाली आपण सेल्फी काढतो ती प्लेगच्या भीतीने आलेली आहेत. आणि भीतीपेक्षाही जास्त, एका रुक्ष नियमाने.

हा नियम मला फार आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. ट्रस्टच्या अभियंत्यांनी ६३.५ अंशांचा नियम आणला. खोलीच्या खिडकीबाहेर इतकी मोकळी जागा हवी, की तळाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करणार नाही. गणित सोडून सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मधे रिकामी पाहिजे. चाळीस फुटांची इमारत असेल तर वीस फूट सोडा. हेतू एवढाच, की तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसावा, उजेड-वारा मिळावा. अंधाऱ्या, दमट खोल्यांनी प्लेग पसरतो अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे परळच्याच प्रयोगशाळेत झालेल्या कामाने पक्कं झालं. पण तोवर उजेडाचा आग्रह नियमात बसला होता, आणि बरं झालं बसला.

कारण त्या सोडलेल्या जागेतच झाडं वाढली. रेन ट्री हे दक्षिण अमेरिकेतलं झाड, त्याला पसरायला ऐसपैस आभाळ लागतं आणि मुळांना तेवढीच माती. गल्ली अरुंद असती, इमारती अंगाला अंग लावून असत्या, तर कितीही रोपं लावली असती तरी कमान झाली नसती.

या आराखड्यात जीव ओतणारा माणूस मात्र होता. मंचेरजी एदलजी जोशी, ट्रस्टमधलेच इंजिनिअर. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून बेताच्या मिळकतीच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले, तेही ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. तीच दादरची पारशी कॉलनी. एकही घर उभं राहण्याआधी कुठल्या रस्त्याला कुठलं झाड हे त्यांनी कागदावर ठरवलं होतं. जाम-ए-जमशेद रोडला फक्त अशोक, फिरदौसी रोडला फक्त महोगनी. आज नगरसेवक वाढदिवसाला रोप लावून फोटो काढतात, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. एका रस्त्याला एकच जात, ठराविक अंतरावर, पन्नास वर्षांनी काय दिसेल याचा हिशेब करून! फाइव्ह गार्डनला जोशींचं नाव आहे, तिथे त्यांचा पुतळाही आहे. रोज सकाळी शेकडो माणसं त्यांच्यासमोरून चालतात, दहा जणांना तरी नाव माहीत असेल का, शंका आहे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. फाइव्ह गार्डनपासून आमची चाळ चालत पंधरा-वीस मिनिटांवर. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात निघालेलं खातं. त्यांना कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या, बांधून झाल्या साधारण सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. एक खोली १६० चौरस फुटांची, मधून बोळकांडी, दोन्ही बाजूंना दारं, संडास मजल्याच्या टोकाला. भर दुपारी बोळकांडीत दिवा लावावा लागायचा. उन्हाळ्यात आई जेवणं उरकली की म्हणायची, "जा रे, पारशी कॉलनीत जाऊन बसा, तिकडं गार असतं." आणि खरंच असायचं. रस्ता ओलांडून कॉलनीत शिरलं की अंगावरचा घाम निवल्यासारखा वाटे. रेन ट्रीच्या काळ्या चिकट शेंगा चपलेला लागायच्या, सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर झाडूवाल्या मावशी सकाळी गोळा करायच्या आणि दुपारपर्यंत तो पुन्हा जमायचा. संध्याकाळी रेन ट्रीची पानं मिटतात, तेव्हा तोवर दिसत नसलेलं आभाळ एकदम दिसायला लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही, बाकावर पडून पडून कळलं.

गंमत बघा. एकाच काळात, एकाच शहरात, वीस मिनिटांच्या अंतरावर दोन सरकारी वसाहती उभ्या राहत होत्या. एकीकडे उजेडाचा कोन मोजला जात होता आणि दुसरीकडे खोल्यांची संख्या. इकडे 'ब्लॉक', म्हणजे आतच संडास-न्हाणी असलेलं स्वतंत्र घर, तिकडे 'खोली'. ज्यांच्या वस्त्या ट्रस्टने पाडल्या ती माणसं दादर-माटुंग्याच्या ब्लॉकात राहायला आली नाहीत, येऊच शकत नव्हती. आले ते पांढरपेशे : कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले हिशेबनीस. हिंदू कॉलनीत मराठी, गुजराती; माटुंग्यात तमिळ, कानडी; पारशी कॉलनीत पारशी. प्रत्येकाने आपापल्या जातीचे, आपापल्या भाषेचे शेजारी बघून घर घेतलं. या वस्तीच्या 'सुसंस्कृत'पणाचं कौतुक करताना एवढं तरी लक्षात असू द्या, की तिच्यात कोण येणार हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं होतं.

एक गोष्ट मात्र पारशी कॉलनीच्या बाजूने मनापासून सांगतो. मुंबईतल्या इतर पारशी बागांना भिंत आहे, फाटक आहे, वॉचमन आहे. या कॉलनीला कुंपण नाही. घर मिळणार नव्हतं, पण रस्ता, बाग, बाक आणि सावली सगळ्यांची होती. आम्ही नायगावची पोरं तिथे क्रिकेट खेळलो, बारावीचा अभ्यास केला, पुढे रुईया कॉलेजला गेल्यावर आणखीही बरंच काही केलं. कधी कुणी हाकललं नाही. फार तर एखादी पारशी आजी वरच्या गॅलरीतून ओरडायची, बॉल काचेला लागला तर.

आणि या सगळ्या नकाशात एक घर आहे, ज्याच्याशिवाय हिंदू कॉलनीचा इतिहास अर्धवट राहतो. बाबासाहेब आंबेडकर बावीस वर्षं परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. ती चाळ कुणी बांधलेली? याच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणून तर तिचं नाव बीआयटी चाळ. तिथून ते १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या घरात आले, मगधाच्या राजधानीवरून नाव ठेवलं राजगृह. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. रमाबाई १९३५ मध्ये याच घरात वारल्या, आणि १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांची अंत्ययात्रा इथूनच निघाली. ट्रस्टने ज्यांच्यासाठी चाळ बांधली होती त्यांच्यातला एक माणूस ट्रस्टनेच आखलेल्या ब्लॉकवाल्यांच्या गल्लीत स्वतःच्या कमाईचं घर बांधून राहिला. माझ्या लेखी या उपनगराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. फाइव्ह गार्डनच्या 'हेरिटेज वॉक'वाल्यांनी पाच मिनिटं वाकडी वाट करून तिथेही लोकांना न्यावं. काही नेतातही, सगळे नाही.

आता आजचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, मालकाने डागडुजी सोडली. सत्तर-ऐंशी वर्षांत काय व्हायचं ते झालं. सज्जे पडायला आले, गच्च्या गळू लागल्या. कॉलेजमधल्या मित्राचं घर हिंदू कॉलनीत आहे, अजूनही जातो. महिन्याचं भाडं त्यांच्या एका दिवसाच्या दूध-भाजीपेक्षा कमी. मी झाडांविषयी बोलायला लागलो की काकू ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुम्हाला खालून झाड दिसतं रे. मला तीन मजले चढायचे असतात. गुडघे गेले माझे. लिफ्ट आणून दे, मग सावलीचं बोल." याला माझ्याकडे उत्तर नाही. २०१२ मध्ये वारसा यादीचा नवा मसुदा आला, त्यात शिवाजी पार्क होतं, दादर-माटुंग्याचा हा भागही होता. पुनर्विकास अडेल म्हणून तेव्हा शिवाजी पार्कचेच रहिवासी विरोधात उभे राहिले होते. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण पडक्या घरात राहून दुसऱ्यांच्या फोटोंसाठी वारसा जपायचा हा काय न्याय?

तेव्हा पुनर्विकास व्हावा या मताचा मी आहे. भांडण वेगळं आहे. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींना विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली तीन किंवा त्याहून जास्त एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या तितक्या पट बांधकाम करता येतं. तो बसवायचा तर उंच जावं लागतं आणि बाजूची मोकळी जागा खावी लागते. मोकळी जागा नियमापेक्षा कमी पडली तर प्रीमियम भरा, सूट मिळते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जो कोन पाळावाच लागत होता त्याला आता दर लागला आहे. गाड्यांसाठी खाली तळघर, वर पोडियम, म्हणजे टॉवरच्या पायथ्याचा पक्का चौथरा. मातीच उरत नाही. पोडियमवर दोन-तीन फूट मातीत पाम येतो, रेन ट्री येत नाही.

झाडांचा कायदा आहेच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. ऐकायला छान. पण ऐंशी वर्षांचा एक रेन ट्री गेला, तर त्या जागी ऐंशी रोपं लावायला जागा कुठे आहे? ती दुसरीकडेच कुठेतरी लागतात, लागली तर. काकूंच्या गल्लीत ऊन पडतं ते पडतंच. वर, मुंबईत मधल्या काळात पिठ्या ढेकणाने कितीतरी रेन ट्री वाळून गेले, आणि जे उभे आहेत त्यांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नेऊन भिडवलेत. खोडाभोवती हातभर माती मोकळी ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणि शेवटी माझं नायगाव. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ चाव्या दिल्या गेल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं याचं, आणि यायलाच हवं. घरात स्वतःचा संडास असणं काय असतं हे ब्लॉकवाल्यांना सांगून कळायचं नाही. पण मला आणखी एक पाहिजे आहे, आणि ते मागायची लाज वाटायचं कारण नाही. १९२० मध्ये आम्हाला खोल्या मोजून दिल्या, कोन मोजला नाही. या वेळी तरी मोजा. दोन टॉवरमध्ये किती फूट अंतर आहे, तळाच्या मजल्यांना डिसेंबरात ऊन किती वेळ मिळणार, जमिनीवरची खरी माती किती आणि पोडियमवरची किती, रस्त्याच्या कडेला कुठली झाडं, किती अंतरावर. चाळ कमिटीच्या बैठकीत पार्किंगवर तासभर भांडण होतं, यावर कुणी तोंड उघडत नाही. मी पुढच्या बैठकीत उघडणार आहे. नायगावच्या मंजूर आराखड्याची प्रत कुणाकडे असेल तर मला पाठवा. लेआउटचा नकाशा असला तरी चालेल, कोन मी काढतो.