बुटाचा तळ लागत नाही

आमच्या डिचोलीच्या घरात बुटांच्या बाबतीत दोन पंथ आहेत. मी मऊपंथी. टाच टेकली की खाली काहीतरी दबलं पाहिजे आणि गुडघ्याने हूं की चूं करता कामा नये. आमचे अहो टिकाऊपंथी. वस्तू घ्यावी ती नातवाला देता येईल अशी, मग नातवाचा पाय त्यात जावो न जावो.

मऊ बूट घेताना दुकानदार फसवत नाही, लादी फसवते. पणजीतल्या दुकानाच्या गुळगुळीत लादीवर कुठलाही बूट आरामशीरच वाटणार. मी मुद्दाम संध्याकाळी गेले होते, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि डोंगर उतरताना बोटं पुढे सरकून आपटतात. पुढे जागा नसेल तर नखं काळीनिळी होतात. एवढा अभ्यास करून गेले, तर तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, उडी मारून बघा." पन्नाशीच्या बाईने भर दुकानात उडी मारली आणि तिला काही झालं नाही, यापुढे त्या बुटाची आणखी काय जाहिरात करायची? घेतला. अहोंना किंमत निम्मी सांगितली.

अहोंचा बूट दिराने जर्मनीहून आणलेला. जाड कातड्याचा, जोडी काट्यावर ठेवली तर पावणेदोन किलो. आपल्या बाजूने त्यांचा दाखला ठरलेला असतो: इटलीच्या विताले ब्रामानीने १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ काढला, कारण दोनच वर्षं आधी आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती दगावले होते. आता सहा माणसांच्या मरणापुढे माझ्या गुडघ्याचं काय चालणार?

पण हा बूट त्यांनी घातला कधी? 'चांगल्या ट्रेकला' म्हणून तो कपाटात गेला तो गेलाच. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या कपाटात मुरतो. जुलैत पट्ट्यावर बुरशी, पाकिटावर बुरशी. म्हणून बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, सोबत डांबराच्या गोळ्या, आणि कपाटात ऊब राहावी म्हणून चाळीसचा बल्ब. माझ्या पैठणीसाठी हा बल्ब कधी पेटला नव्हता.

चांगला ट्रेक अखेर पाऊस सरल्यावर उगवला. सांगे तालुक्यात नेत्रावळीच्या रानातला मैनापी धबधबा. नेत्रावळी १९९९ पासून अभयारण्य आहे. रानवाटेवर गाडा नाही, रिक्षा नाही, फोनला रेंज तर नाहीच. तिथे बुटाने हात टेकले तर आपणही टेकायचे.

पहिला व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला. अहो पुढे, मी मागे. वाटेवर काळा चुरा दिसू लागला, बोटाने चुरडला की चिकट पीठ होणारा. पुढच्या वळणावर अख्खा तळ पडलेला. खाचा नव्याकोऱ्या, एकही झिजलेली नाही.

"अहो, तुमचा बूट मागे राहिला."

"माझ्या पायात आहे."

"वरचा. खालचा माझ्या हातात आहे."

झालं होतं ते असं. कातडं आणि रबर यांच्या मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा. तो दाबाला भारी, लवकर चेपत नाही. पण हवेतला दमटपणा त्याला आतून तोडत राहतो, बूट खोक्यात असला तरीही. ऊब मिळाली तर काम आणखी फत्ते. म्हणजे अहोंनी पिशवी आणि बल्ब लावून त्याला जपलं नव्हतं, शिजवलं होतं. आईच्या स्टीलच्या डब्यांनी आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे: टिकाऊ म्हणजे न वापरता ठेवलं तरी टिकणारं. फोमला आईचा धाक नाही.

मला हसू आलं होतं, पण ते फार टिकलं नाही. माझा तळ ईव्हीए नावाच्या फोमचा. त्याच्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि चालून चालून ते चेपतात. पळण्याच्या अशा बुटांचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. त्यात माझ्या बुटाला खाली रबराच्या चार टिकल्या आणि बाकी फोम उघडा. आमचा जांभा खडबडीत, त्याच्या कडांनी टाचेचा तुकडाच काढला. शिवाय तळ एवढा उंच की तिरक्या दगडावर घोटा डावीकडे जातो आणि आपण उजवीकडे. पाणी आत येऊ न देणारं अस्तर होतं म्हणा. व्हाळातलं पाणी वरून घोट्यातून शिरलं, तर ते त्याने इमानाने बाहेरही जाऊ दिलं नाही. नाडीच्या भोकातून जळू मात्र बिनदिक्कत आत.

अहोंनी तळ बुटाच्या नाडीने बांधला, मग माझ्या ओढणीने. धबधबा होता म्हणे सुंदर. मी खाली बघत होते.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात चांभाराकडे दोन्ही जोड्या नेल्या. त्याने माझ्या टाचेत अंगठा रुतवला, सोडला, पुन्हा रुतवला. "बाय, हो बूट न्हय, हो पाव." अहोंचा बूट मात्र त्याने मांडीवर घेतला, कातड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "कातडें बरें आसा." मग उरलेला चुरा खरवडून, सोल्यूशन लावून, आरीने चौफेर टाके घालत टायरचं रबर शिवलं. बूट आता पाव किलोने वाढला आहे. चालताना वाकत नाही. घरात घातला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारतात, फर्निचर हलवताय का?

अहोंनी मधल्या काळात वाचून काढलंय की असे बूट कोंडून न ठेवता नेमाने वापरावेत, असं बूट करणाऱ्या कंपन्याच सांगतात. तेव्हापासून रोज सकाळी ते घालून डिचोलीच्या बाजारात जातात, बांगडे आणतात, येताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे पाव. त्यात वाचवायचं पॉलियुरेथेन आता कणभरही उरलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मासे कोणीतरी आणायलाच हवेत.