कासव किती वाजता निघेल?

माघात आंब्याला बारक्या कैऱ्या लागतात, फाल्गुनात काजूला बोंडं लागतात आणि त्याच सुमारास आमच्या घराला पाहुणे लागतात. अंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा हर्णैकडून येणारा माणूस तरीतून यायचा. तरीत बसायचं म्हणजे भरती-ओहोटी बघायची, तरवाल्याची मर्जी सांभाळायची. त्यामुळे आमच्या पडवीत टेकेपर्यंत त्याची निम्मी घाई खाडीतच उतरलेली असायची. आता पूल झाला. घाई गाडीत बसून थेट अंगणात येते आणि उतरल्याउतरल्या वायफायचा पासवर्ड विचारते.

घरातल्या खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो. स्वयंपाक माझ्याकडे. बाकीचं सगळं 'हे' बघतात, असं ह्यांचं म्हणणं आहे. पण ह्या दिवसांत आणखी एक काम वाढतं, त्याचे पैसे कुणाकडून घेता येत नाहीत. ते म्हणजे समुद्र, झाडं, पाखरं आणि देव ह्या सगळ्यांच्या वतीने पाहुण्यांना उत्तरं देणं. हे अशा वेळी हटकून बागेत फवारणीला गेलेले असतात.

फोन येतो तो खोलीचा नसतोच. "काकू, कासव किती वाजता निघेल?"

मी सांगते. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि मागे वळूनही न बघता समुद्रात चालती होते. (बाळंतपणाचं एवढं कमी कौतुक करून घेणारी बाई माझ्या तरी माहितीत नाही.) गावातले कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणाच्या आत पुन्हा पुरतात आणि वर टोपली पालथी घालतात. 45 ते 60 दिवसांत पिल्लं वर येतात. पलीकडे मंडणगड तालुक्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 साली हे काम सुरू केलं, मग ते आमच्याही किनाऱ्यावर आलं. मी हे सगळं घशाला कोरड पडेपर्यंत सांगते. पलीकडचा गृहस्थ ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे हो, पण शनिवारी निघेल ना? रविवारी आम्हाला निघायचंय."

असंच एक पुण्याचं कुटुंब आलं होतं. आईवडील, आजी, सात-आठ वर्षांची मुलगी. शनिवारी उजाडायच्या आत सगळे दोरीमागे उभे. कासवमित्र पोराने एक टोपली उचलली, वाळूवर हात फिरवला. काही नाही. दुसरी उचलली. काही नाही. शेवटची टोपली रिकामी निघाली तेव्हा आसपासची सगळी माणसं समुद्राकडे बघत होती, आमचे पाहुणे मात्र माझ्याकडे. जणू मीच पिल्लं रात्री डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली होती.

संध्याकाळी एक निघालं. एकच. तळहातात मावेल एवढं, काळपट, पाठीवर वाळू चिकटलेली. पुढचे दोन पाय वल्हवत चार पावलं जायचं आणि थबकायचं. लाट आली की त्याला उलटंपालटं करून पुन्हा मागे आणून टाकायची. ते सरळ व्हायचं, मान वर करायचं आणि परत पहिल्यापासून सुरू. मुलगी श्वास रोखून बघत होती. आजींनी हात जोडले होते. वडिलांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि मला हळूच विचारलं, "थोडं पुढे नेऊन ठेवता येत नाही का?" मी म्हटलं, नाही, त्याचं त्यालाच जाऊ द्यायचं असतं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आम्हाला अंधाराच्या आत कड्यावरचा गणपतीही करायचाय."

कोकिळेचं वेगळंच. वर्षभर गप्प बसलेला हा प्राणी ह्या दिवसांत पहाटे चारला गळा काढतो. शहरातल्या माणसाला कोकिळेचं कूजन फार आवडतं, फक्त ते साडेआठनंतर, चहाबरोबर हवं असतं. एका बाईंनी सकाळी येऊन विचारलं, "तो पक्षी तुमचा आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असावं, कारण मग त्या जरा मोकळेपणाने बोलल्या.

ह्याच बाईंना ओल्या काजूची उसळ हवी होती. ओला काजूगर म्हणजे आमच्या वसंताचा खरा मान, पण तो काढणं हे शिक्षेचं काम. हिरवी बी विळीवर उभी चिरायची, काडीने आतला गर अलगद उचलायचा, आणि हे सगळं हाताला राख नाहीतर खोबरेल लावून, कारण सालीतला चीक उततो. कातडी सोलून निघते. मी पडवीत विळी घेऊन बसले होते. "आमच्याकडे ड्रायफ्रूटवाला अख्खेच देतो," म्हणत त्यांनी एक बी उचलली आणि मी हां हां म्हणेपर्यंत दातांनी फोडली. खालचा ओठ जेवणापर्यंत टरारून सुजला. खोबरेल लावलं, ताक दिलं. त्या अवघड ओठाने म्हणाल्या, "तुम्ही यावर तसं लिहायला हवं."

"कशावर?"

"काजूवर."

आंब्याचं तर बोलायलाच नको. मार्चमध्ये झाडाखाली उभं राहून विचारतात, "पिकलेला एकही नाही?" आमच्याकडे हापूसचा खरा हंगाम एप्रिल-मे. "पण वाशीला तर पेट्या आल्यात!" वाशीला काय, तिथे आंब्याआधी आंब्याचा भाव पिकतो. हर्णैच्या लिलावात नेलं तर तिथे वेगळी शोभा. होड्या लागलेल्या, टोपल्यांवर बोली चाललेली, पायाखाली बर्फाचं पाणी, आणि आमचे पाहुणे अजून तडफडणाऱ्या माशाकडे बोट दाखवून विचारतात, "फ्रेश आहे ना?" मासेवालीने उत्तर दिलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, ते पुरेसं होतं.

मग शिमगा. कामाला येणारी बाई पालखीमागे, नारळ उतरवणारा पालखीमागे, इलेक्ट्रिशियन मुंबईहून आलेल्या भावासकट पालखीमागे. ग्रामदेवतेची पालखी घरी येणार, पण कधी ते पालखीच्या मनात असतं. आमच्याकडे आली ती मध्यरात्रीनंतर. ढोल वाजायला लागला तसे पाहुणे चादरी गुंडाळून पडवीत. अंगणात पालखी नाचली, मी ओटी भरली, नारळ दिला, हे गर्दीत कुठून तरी फवारणीच्याच कपड्यांत उगवले. पालखी शेजाऱ्यांच्या आगरात वळली तेव्हा एक तरुण धावत माझ्याकडे आला.

"काकू, त्यांना एकदा परत यायला सांगता का? रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं."

पडवीत आम्ही अभिप्रायाची वही ठेवली आहे. पुण्याच्या त्या कुटुंबाने जाताना लिहिलं: "घर स्वच्छ, काकूंच्या हाताला चव, उकडीचे मोदक अप्रतिम. फक्त ओहोटीला समुद्र जरा लांब पडतो."

ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि खाली पेनाने लिहिलं, "सूचनेची नोंद घेतली आहे."

मग गेले फवारणीला.