भरलेली बाटली

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जूनमध्ये नागपूरला, इंदोऱ्यात ताईकडे होते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तरी पहिल्या दिवशी भाची घरी आली ती लालबुंद होऊन, आणि दप्तरातली बाटली जवळजवळ भरलेली.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"मग सू लागते ना मावशी. तास चालू असला की टीचर सोडत नाहीत. आणि आमचं बाथरूम पाहिलंस का तू?"

भाचीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, ती एसएस पॅटर्नची, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही तो आलेली. माझा मुलगाही. आम्ही दोघी बहिणी एएस, म्हणजे नुसत्या वाहक, दोघींचे नवरेही एएस, हे कळलं ते लग्नानंतर. दोघेही वाहक असले की मुलाला आजार होऊ शकतो. अंगातलं पाणी कमी झालं की विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. त्यात या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करणं जमत नाही, म्हणून प्यायलेलं पाणी लवकर बाहेर पडतं. भरपूर पाणी आणि वरचेवर बाथरूम, वह्यांना कव्हरं घालण्याआधीची तयारी ही.

पण घरात वाद वेगळाच. शाळेत सांगायचं की नाही? ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "कायले सांगता बाप्पा साऱ्या शाळेत? उद्या पोरीचं लग्न कराचं आहे ना!" नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही चर्चा लग्नाचीच. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासणीनंतर पॅटर्न लिहिलेली कार्डं मिळू लागली, तेव्हापासून 'पत्रिकेऐवजी कार्ड जुळवा' हे सगळ्यांना पाठ आहे. सल्ला खोटा नाही, आमच्या वेळी कुणी दिला असता तर बरं झालं असतं. पण पाचवीतल्या पोरीला गणिताच्या तासाला बाहेर जायचंय, तिला त्या कार्डाचा काय उपयोग?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं मान्यताप्राप्त शाळांवर त्यात बंधनकारक आहे. म्हणजे ही मेहेरबानी नाही. पण हे भाचीच्या शाळेत कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ताईनेही नाही.

मी राहते तिथे, इंग्लंडमधल्या लेस्टरला, शाळा सुरू होण्याआधी नर्स, वर्गशिक्षिका आणि मी अर्धा तास बसून मुलाची योजना कागदावर लिहितो. पोहून आल्यावर लगेच अंग पुसून गरम कपडे, दुखलं तर कोणतं औषध, कधी फोन. इंग्लंडमधल्या शाळांसाठीच्या २०१४ च्या सरकारी सूचना स्पष्ट सांगतात की अशा मुलाला पाणी प्यायला किंवा बाथरूमला जायला अडवू नये, आजारपणातल्या गैरहजेरीची शिक्षा देऊ नये. त्यामुळे मला कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.

म्हणून इकडे सगळं छान, असं मात्र नाही. पहिल्याच बैठकीत "हा तर आफ्रिकन लोकांचा आजार ना?" असं मला ऐकावं लागलं. दवाखान्यात सिकलसेलच्या रुग्णांच्या वेदनांवर विश्वास ठेवला जात नाही, हे इथल्या खासदारांच्या गटाने २०२१ च्या अहवालात लिहिलं आहे. उलट नागपुरात हा आजार पानठेल्यावरही माहीत असतो. सिकलसेलसाठी झटणाऱ्या संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली, ते नागपूरचेच. तिथे आजार माहीत आहे म्हणूनच तो लपवतात, हे मला उशिरा उमगलं.

शेवटी आम्ही दोघींनी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहायला घेतली. बाटली बाकावर राहू द्यावी, विचारलं की बाहेर सोडावं, प्रार्थनेला उन्हात उभं करू नये. ताईने 'सिकलसेल' खोडून 'रक्ताचा आजार' केलं. मी पुन्हा 'सिकलसेल' लिहिलं. तिने कागद ओढून घेतला. "शाळेत मला जायचं आहे. तू तर पंधरा दिवसांनी विमानात बसशील."

चिठ्ठी 'रक्ताच्या आजारा'ची गेली. मला पटलेलं नाही अजून. काल व्हिडिओ कॉलवर भाचीने बाटली दाखवली, निम्मी होती.