लहान कुत्रं म्हणजे लहान मुलांचं कुत्रं नव्हे

‘आकाराने छोटा, म्हणून लहान मुलांच्या घराला चिवावा उत्तम’ हे कुत्र्यांच्या जातींवरच्या एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. चिवावा ही कुत्र्यांची अगदी छोटी जात, जेमतेम दीड ते तीन किलोचा जीव. मुलाच्या हातून निसटला तरी पाय मोडू शकतो. कित्येकांची तर डोक्यावरची टाळू जन्मभर मऊच राहते.

माझ्या बहिणीची चिवावा तिच्या मांडीवर असली की भाच्याने नुसता हात पुढे केला तरी कान मागे, अंग ताठ, ओठ वर करून गुरगुर सुरू. आणि घरचे हसत मोबाइल काढतात! हेच लॅब्रॅडॉरने केलं असतं तर दुसऱ्या दिवशी ट्रेनर दारात असता. स्वभाव तिखट आहेच, पण येता-जाता कुणीही उचलून घेतलं तर दुसरं काय होणार? पोरांना आधी जमिनीवर बसायला शिकवा, तिला हवं तर ती येईल.