दहा माणसं आणि एक तळटीप

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहून खोडल्या, कारण त्यात मुद्दे कमी आणि राग जास्त होता. आता आठवडा उलटलाय, त्यामुळे जरा शांतपणे लिहितो.

स्वच्छ ऊर्जेसाठी स्थानिक पातळीवर पाठपुरावा करण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दहा माणसं जमवून निवेदन दिल्यानं कोळसा बंद होत नाही. वीज हा अभियंत्यांचा विषय आहे, घोषणा देणाऱ्यांचा नाही. हा सगळा पोट भरलेल्यांचा छंद आहे, आणि उद्या खिडकीसमोर पवनचक्की उभी राहिली तर हीच मंडळी कोर्टात जातील. वीज वितरणात तीस वर्षं काढल्याचंही तुम्ही सांगितलंत. तो तपशील महत्त्वाचा आहे, त्याकडे मी शेवटी येतो.

सुरुवात शेवटच्या टोमण्यापासून करतो, कारण त्यात तुम्ही बरोबर आहात.

इंग्लंडमध्ये नेमकं तेच घडलं. जून २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी दोन अटी घातल्या. स्थानिक आराखड्यात ती जागा पवनऊर्जेसाठी आधीच दाखवलेली हवी, आणि बाधित लोकांनी काढलेल्या हरकतींचं पूर्ण निराकरण झालेलं हवं. वाचायला किती लोकशाहीवादी वाटतं! पण 'पूर्ण' या शब्दानं घात केला. एक शेजारी अडून बसला तरी प्रकल्प अडकू शकत होता. पुढे ही अट नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणात एका तळटीपेत जाऊन बसली आणि इंग्लंडमधले नवे प्रकल्प जवळजवळ थांबले. जुलै २०२४ मध्ये नवं सरकार आल्यावर पहिल्या काही दिवसांतच ती अट काढली गेली. म्हणजे नऊ वर्षं एका अटीनं, पुढे तळटीप झालेल्या, एका अख्ख्या तंत्रज्ञानाला दाराबाहेर उभं केलं. पवनचक्कीत काही बिघाड नव्हता, वारा पडला नव्हता.

हे उदाहरण माझ्या विरोधात जातं हे मला कळतं. स्थानिकांचा आवाज प्रकल्प उभारायलाही वापरता येतो आणि पाडायलाही. पण तुमच्याच वाक्याला हे उदाहरण छेद देतं, हेही बघा. कोळसा राहणार की जाणार, हे फक्त अभियंते ठरवत असते तर त्या तळटीपेला एवढी किंमत आली नसती. ती लिहिली राजकारण्यांनी, आणि लिहिली ती पवनचक्क्यांच्या विरोधात वर्षानुवर्षं चिकाटीनं पत्रं पाठवणाऱ्या लोकांच्या दबावामुळे. तीही सुरुवातीला दहा-दहा माणसंच असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मूळ लेखात ते नीट उतरलं नाही ही माझी चूक: स्थानिक पाठपुराव्याचं मोल मेगावॉटमध्ये मोजू नका. तो नियम बदलतो की नाही, एवढं बघा. मेगावॉट त्यामागून येतात, किंवा येतही नाहीत.

तुमच्याच क्षेत्रातला एक नियम घेऊ. कॅलिफोर्नियात २००० च्या सुमारास छोट्या वीजनिर्मितीच्या जोडणीसाठी एक ढोबळ मर्यादा ठरली. फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीपर्यंत वीज नेणाऱ्या वाहिनीच्या, एखाद्या भागावर वर्षभरात जी सर्वोच्च मागणी नोंदली जाते, तिच्या १५ टक्क्यांपर्यंत निर्मिती असेल तर जोडणी झटपट. त्यापलीकडे गेलात की सविस्तर तांत्रिक अभ्यास, म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही. हा आकडा आला कुठून, तर किमान मागणी साधारणपणे सर्वोच्च मागणीच्या ३० टक्के असते असं धरलं आणि सुरक्षिततेसाठी त्याचं निम्मं केलं. उलट्या दिशेनं वीज वाहू नये, व्होल्टेज चढू नये, म्हणून घेतलेली ही काळजी. त्या काळी ती शहाणपणाचीच होती.

पण किमान मागणी असते मध्यरात्री, आणि मध्यरात्री सौर पॅनल काही बनवत नाहीत! त्यांच्यासाठी बघायला हवी दुपारची किमान मागणी, आणि ती बरीच जास्त असते. तरी २००५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय नियामकानं छोट्या जोडण्यांची जी कार्यपद्धती ठरवली, तिच्यातही हा १५ टक्क्यांचा आकडा तसाच आला. २०१३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. १५ टक्क्यांत न बसणाऱ्या अर्जांसाठी आणखी एक टप्पा आला, ज्यात किमान मागणीच्या १०० टक्क्यांपर्यंत निर्मिती चालू शकते आणि सौरसाठी ती दिवसाची किमान मागणी धरली जाते. तारा त्याच आणि ट्रान्सफॉर्मरही तेच, बदलला फक्त कागदावरचा आकडा.

आता प्रामाणिकपणे सांगतो. ही दुरुस्ती कुठल्या नागरिक गटानं आणली नाही. २०१२ मध्ये सौर उद्योगाच्या संघटनेनं त्यासाठी रीतसर अर्ज केला होता. उद्योगाला वकील परवडतो, अभियंता परवडतो, तारखांवर लक्ष ठेवणारा माणूस परवडतो. मला यातून दिसतं ते असं की नियम ठरतात त्या खोलीत कुणीतरी बसलेलं असतंच. आम्ही गेलो नाही म्हणून ती खोली रिकामी राहत नाही. आणि जे बसलेले असतात ते स्वतःच्या सोयीचा आकडा मागतात, त्यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही.

नागरिकांसाठीही दार असतंच, बहुधा कुणाला न दिसणारं. भारताच्या २००३ च्या वीज कायद्यातलं ६४ वं कलम घ्या. विजेचा दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगानं लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्यायच्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. किती लोकांनी आयुष्यात एकदा तरी अशी हरकत लिहिली असेल? मी पहिल्यांदा एका दर सुनावणीला गेलो तेव्हा तीन तास बसून होतो. माझी पाळी आली तेव्हा मी पर्यावरणावर चार मिनिटं कळकळीनं बोललो. समोरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची हरकत याचिकेतल्या कोणत्या तक्त्यावर आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना मान खाली होती. तुमचं 'घोषणा देणारे' हे विशेषण मला एवढं का लागलं, त्याचं कारण हे.

'छंद' या शब्दाबद्दल मात्र थोडं भांडतो. शोनाऊ हे जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं सुमारे अडीच हजार वस्तीचं गाव. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि त्या गावातल्या काही आईवडिलांनी एकत्र येऊन एक गट काढला. सुरुवात अगदी साधी होती, वीज वाचवायच्या स्पर्धा वगैरे. मग त्यांच्या लक्षात आलं की गावाचं वितरण ज्या कंपनीकडे आहे तिला वीज वाचवण्यात रस नाही, आणि तिचा करार तर नव्यानं होऊ घातलाय. १९९१ मध्ये त्यांनी गावात सार्वमत घडवलं आणि जिंकलं. १९९६ मध्ये दुसरं सार्वमत झालं, तेही थोडक्या फरकानं जिंकलं. त्यानंतरही तारांचं जाळं विकत घ्यायचं बाकीच होतं. कंपनीनं त्याची किंमत सांगितली ८७ लाख मार्क, आणि गावकऱ्यांच्या तज्ज्ञांचा हिशेब त्याच्या निम्म्याहून खाली होता. त्यांनी देशभरातून वर्गणी गोळा केली आणि किमतीचा वाद पुढे कोर्टात लढवला. १९९७ मध्ये वितरण गावाच्या स्वतःच्या कंपनीकडे आलं. गटातल्या उर्सुला स्लाडेक या शिक्षिका होत्या, पाच मुलांची आई. पुढे त्या या कंपनीच्या प्रमुख झाल्या. त्यांना २०११ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, पण मला त्या पुरस्कारापेक्षा आधीची अकरा वर्षं मोठी वाटतात. दोन सार्वमतं, एक मूल्यांकन आणि वर्गणीच्या पावत्या, या सगळ्याला छंद म्हणायचं तर म्हणा.

आणि असले छंद निरुपद्रवी असते तर त्यांच्यावर पैसा कुणी ओतला नसता. २००२ च्या एका कायद्यानं कॅलिफोर्नियातल्या शहरांना आणि परगण्यांना आपल्या रहिवाशांसाठी एकत्रित वीजखरेदी करायची मुभा दिली. २०१० मध्ये मरीन परगण्यात अशी पहिली योजना सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये, अशी योजना आणायची तर स्थानिक मतदारांची दोन-तृतीयांश मंजुरी हवी, असा प्रस्ताव राज्यभर मतदानाला आला. त्याच्या प्रचारावर तिथल्या खाजगी वीज कंपनीनं सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर खर्च केले. विरोधकांकडे त्याच्या शंभराव्या भागाइतकाही पैसा नव्हता, तरी प्रस्ताव पडला. दहा माणसांच्या निवेदनाला घाबरून कुणी एवढी रक्कम काढतं का, हे तुम्हीच सांगा.

हरलेलेही आहेत, त्यांची गोष्ट सांगायला हवी. बर्लिनमध्ये २०१३ मध्ये वीजजाळं शहराच्या मालकीचं करण्यासाठी मतदान झालं. मत देणाऱ्यांपैकी फार मोठं बहुमत बाजूनं होतं, पण एकूण पात्र मतदारांपैकी २५ टक्क्यांचं समर्थन लागायचं आणि मिळालं २४.१. गेलं सगळं वाया, असं त्या रात्री म्हणाले असतील. २०२१ मध्ये शहरानं ते जाळं विकत घेतलंच.

आता पोट भरलेल्यांचा मुद्दा. इथे मला सावरून बोललं पाहिजे.

धरनाई हे बिहारमधलं गाव. २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय पर्यावरण संस्थेनं तिथे १०० किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं छोटं वीजजाळं, उभारला. हेतू चांगला होता, उद्घाटनाचा गाजावाजाही भरपूर झाला. आणि मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी मागणी काय केली? आम्हाला 'असली बिजली' हवी, 'नकली' नको! सौर यंत्रणेवर दिवे आणि पंखे चालायचे, पण फ्रिजसारखी जड उपकरणं लावायला मनाई होती आणि युनिटचा दरही ग्रिडपेक्षा जास्त होता. थोड्याच काळात ग्रिडची वीज गावात पोहोचली. पुढे बॅटऱ्या संपल्या, त्या कुणी बदलल्या नाहीत, आणि काही वर्षांनी त्या जागेत गुरं बांधली जात होती.

ही गोष्ट मी माझ्या बाजूच्या लोकांना मुद्दाम सांगतो. ऐकायला कुणालाच आवडत नाही.

तिच्याशेजारी स्कॉटलंडचं एग बेट ठेवून बघा. शंभराच्या आसपास वस्ती. १९९७ मध्ये रहिवाशांनी बेटच विकत घेतलं. २००८ मध्ये पाणी, वारा आणि सूर्य यांवर चालणारी स्वतःची वीजयंत्रणा सुरू केली; त्याआधी घरोघरी डिझेल जनरेटर होते. तिथेही मर्यादा आहे: एका घराला एका वेळी ५ किलोवॉट, त्यापलीकडे गेलात तर तुमचा पुरवठा तुटतो. म्हणजे जड उपकरणांवरचं बंधन दोन्हीकडे आहे. फरक असा की एगमधली मर्यादा रहिवाशांनी आपली आपण ठरवली, ती सगळ्या घरांना सारखी आहे, आणि ५ किलोवॉटमध्ये घर नीट चालतं. धरनाईत ती बाहेरून आली, तुटपुंजी होती, आणि शेजारच्या गावाला ती नव्हती. लोकांना त्यात स्वच्छ ऊर्जा दिसली नाही, दुय्यम वागणूक दिसली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

छपराचंही तसंच. ज्याचं छप्पर स्वतःचं त्याला पॅनल, सवलत आणि कमी झालेलं बिल. भाडेकरूच्या वाट्याला तारा-खांबांच्या खर्चातला वाढलेला हिस्सा. हा प्रश्न खरा आहे. जर्मनीनं २०१७ मध्ये भाडेकरूंना इमारतीवरच्या सौर विजेचा लाभ मिळावा म्हणून कायदा केला, पण त्याची चाल मंदच राहिली. पण हा प्रश्नही सुटेल तो नियमानंच. छपरावर अजून दोन पॅनल चढवून तो सुटणार नाही.

खिडकीसमोरच्या पवनचक्कीबद्दल एक राहिलं. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडेन नावाचा प्रकल्प आहे. मूळ आराखड्यात २७ पवनचक्क्या तीन रांगांत होत्या. लोकांच्या सुनावणीत तक्रारी आल्या, की शहरातून दिसायला हे फार वाईट दिसेल. मग २० पवनचक्क्या एका वळणदार रेषेत घ्यायचं ठरलं, आणि २००० मध्ये ४० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. त्यातली निम्मी मालकी साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे. सात पवनचक्क्या कमी झाल्या, हा तोटाच. पण त्या सुनावणीचा बदल आराखड्यात उतरला, म्हणून मला तो तोटा स्वस्तात सुटल्यासारखा वाटतो. माझ्या खिडकीसमोर उभी राहिली तर मी काय करीन? आधी आवाज किती येतो ते विचारीन. मग हिस्सा किती ते विचारीन. कोर्टात जाणार नाही, असं मात्र शपथेवर सांगत नाही.

आता तुमच्या तीस वर्षांकडे येतो. आमचा गट नऊ जणांचा आहे, दहाही नाही. आम्ही एका जोडणी नियमावर हरकत तयार करतोय. एका फीडरच्या दुपारच्या मागणीचे वर्षभराचे आकडे माहितीच्या अधिकारात मिळालेत. एकूण बारा तक्ते आहेत. त्यातल्या तीन तक्त्यांत रविवारची मागणी शून्य दाखवली आहे. ती खरंच शून्य आहे, की मीटरची नोंदच झालेली नाही, यावर गेले दोन रविवार आम्ही वाद घालतोय. तुम्ही बघितल्याबरोबर सांगाल असं वाटतं. तक्ते पाठवू का? हरकतीची मुदत संपायला अजून सोळा दिवस आहेत.