‘गंज घासू नका, कोला ओता’ या मेसेजबद्दल थोडं

पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज उगवतोच, यंदा बिल्डिंगच्या ग्रुपवर दोनदा आणि सासुरवाडीच्या ग्रुपवर एकदा आला. सांगणं असं की गाडीचा गंज घासत बसू नका, रात्री त्यावर कोला ओता, सकाळी राहिलाच तर संडास धुवायचं ॲसिड मारा, पाण्याने धुऊन वर रेड ऑक्साइड प्रायमरचा (रंगाआधीच्या थराचा) हात द्या, तो उरलासुरला गंज खाऊन टाकतो, मग कुठलाही ऑइलपेंट मारा, पाच वर्षं बघायला नको. पेंटर लोक घासाईचे पैसे उगाच लावतात म्हणे. हे सगळं मी वडिलांच्या जुन्या चेतक स्कूटरवर करून बसलोय, म्हणून लिहितो.

पहिलं कोला. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं आणि ते गंजावर काम करतं हेही खरं, पण किती, तर लिटरमागे ग्रॅमभरसुद्धा नाही. नट-बोल्ट वाटीत बुडवून एक-दोन दिवस ठेवलेत तर फरक दिसेल, पण मडगार्डवर ओतलं तर ते वाहून खालीच जाणार ना, आणि मागे राहते साखर, चिकट, मुंग्यांना आमंत्रण आणि त्यावर मारलेला रंग धरत नाही. बुडवायचंच असेल तर किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, छोटे पार्ट काही तासांत मोकळे होतात, आणि कोलापेक्षा स्वस्त पडतं.

संडासच्या ॲसिडवर मात्र मला राग आहे. ते हायड्रोक्लोरिक असतं, गंज डोळ्यांदेखत जातो, पत्रा राखाडी स्वच्छ दिसतो, माणूस खूश. अर्ध्या तासाने बघा, पिवळी झाक आलेली असते. कारण ॲसिडमधलं क्लोराइड गंजाने पडलेल्या खड्ड्यांत आणि पत्र्याच्या जोडांत बसून राहतं, समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात मालवण-रत्नागिरीकडच्या गाड्या ज्याने गंजतात तेच हे, फक्त तुम्ही स्वतः बाटलीने ओतलंत. चेतकची बॉडीच पत्र्याची, दुमडलेले जोड जागोजागी, त्यात शिरलेलं ॲसिड पाइप मारून धुतलं तरी निघालं नाही. स्प्रिंग आणि हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणाऱ्या) बोल्टला तर ते लावूच नका, ॲसिडमुळे सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो, दिसायला नवा आणि लोड आला की कट. शिवाय तीच बादली आधी ब्लीचला वापरलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, तो नाकातोंडात गेला की गंमत राहत नाही.

‘पाण्याने धुवा’ एवढंच लिहून मेसेज पुढे जातो, आणि खरी गोची तिथेच आहे. उघडं लोखंड जुलैच्या दमट हवेत ओलं ठेवलं तर तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत परत तांबूस होतं. ॲसिड वापरलंच तर भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी, लगेच फडक्याने कोरडं, जोडांत हेअर ड्रायर, शेवटी स्वच्छ कपड्यावर थिनर घेऊन एक हात आणि ते उडालं की लगेच प्रायमर. उद्या मारू म्हणालात की परत पहिल्यापासून.

आता रेड ऑक्साइड गंज खातो हे. अहो, रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गंजाचा भाऊबंद, तो गंज काय खाणार. पूर्वी शेंदरी रंगाचा रेड लेड प्रायमर असायचा, शिशाचा, तो गंज खरंच रोखायचा पण विषारी, गोंधळ बहुतेक तिथूनच आलाय. आज घ्यायचा तर डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेला किंवा दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर घ्या, आणि इपॉक्सी उन्हात पांढुरका पडतो म्हणून वर रंग हवाच. गंज रंग बदलून काळा करणारं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते खोटं नाही, पण घासल्यावर खड्ड्यांत जो घट्ट गंज उरतो त्याच्यासाठी आहे, सुटलेल्या पापुद्र्यांवर मारलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली काम चालूच. त्यावर कुठला प्रायमर चालतो तेही डबा वाचून ठरवा.

राहिले घासाईचे पैसे. गंज सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणूनच रंग फुगतो. आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा, पत्रा दबला किंवा भोक पडलं तर तो वरवरचा गंज नव्हेच, तिथे लांबी (पुटी) भरू नका, वेल्डरकडे न्या. टणक असेल तर 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 320, आणि कडेच्या चांगल्या रंगातही इंचभर शिरायचं, हात फिरवला तर पायरी लागता कामा नये. ग्राइंडरवर तारेचा कप ब्रश पटकन वाटतो खरा, पण तो बऱ्याचदा गंजाला नुसती पॉलिश करतो, चकचकीत तपकिरी दिसलं तर फसू नका. आणि गॉगल घाला, तारा सुटून उडतात.

माझ्या चेतकच्या पायाखालच्या पत्र्यावरचा रंग दिवाळीपर्यंत टिकला. रबरी मॅट उचलली तेव्हा खाली पुरीसारखे फुगे होते, एक नखाने फोडला तर आतून तांबडं पाणी आलं. परत सगळं 80 च्या पेपरने काढलं, दोन रविवार गेले.