माजघराला दार असतंच

आमच्या देवगडकडच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लपवायला काही नसेल तर प्रायव्हसी कशाला, गावात फसवणूक होत नाही, ते शहरातलं खूळ, मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांना शिकवायचं काय, आणि पालकांनी रोज रात्री मुलांचा फोन उघडून सगळं वाचावं. मी शाळेत शिकवते. हे पटवून घेणं मला शक्य नाही.

पहिलं लपवण्याचं. आपल्याकडे पाहुणा ओटीवर बसतो, जवळचा असेल तर माजघरात येतो. माजघरात आपण चोरीचा माल ठेवत नाही, तरी कुणालाही सरळ आत घेत नाही. कुणाला कुठवर येऊ द्यायचं ते घरचे ठरवतात. प्रायव्हसी म्हणजे एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ती मूलभूत हक्क मानली आहे.

गावात होत नाही म्हणता, तर हापूसच्या हंगामात बघा. पेटीचे पैसे पाठवतो म्हणून कुणीतरी क्यूआर कोड धाडतो, ‘जमा व्हायला पिन टाका’ म्हणतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि घरात हे व्यवहार बघणारं बऱ्याचदा बारावीतलं पोर असतं.

मुलांना कळतं म्हणाल, तर बोटं भराभर चालतात हे खरं. नववीच्या वर्गात एका मुलाने घरच्या आंब्याच्या कलमाचा फोटो मला डॉक्युमेंट म्हणून पाठवला. फोटोचा तपशील उघडला तर नकाशावरची खूण थेट त्यांच्या विहिरीजवळ. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू होतं, म्हणून जागा फोटोतच नोंदली गेली होती. वर्ग एकदम गप्प झाला. मग प्रत्येकाने आपापल्या घरचा फोन तपासला. एका टॉर्चच्या ॲपला सगळे कॉन्टॅक्ट कशाला हवेत, हे त्यांनीच विचारलं.

आता रोज रात्रीच्या तपासणीचं, ज्याने खरं नुकसान होतं. पालकांची जबाबदारी मी नाकारत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, आणि लहान मुलाच्या फोनवर लक्ष हवंच. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं प्रत्येक चॅट वाचलं, तर ती दुसरं खातं काढते. मग संकट आलं की ते त्या दुसऱ्या खात्यावर येतं, तुमच्या नजरेआड.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. कुणीतरी तिचा फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे मागत होता. दहा दिवस ती एकटीच सोसत होती. आम्ही पैसे दिले नाहीत, चॅट पुसलं नाही, स्क्रीनशॉट घेतले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. (पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करावा, मुलांच्या मदतीला १०९८ आहे.) मुलांचे असे फोटो इंटरनेटवरून हटवायला मदत करणाऱ्या ‘टेक इट डाउन’ या सेवेचीही मदत घेतली. तिथे फोटो फोनबाहेर जात नाही, त्याची फक्त डिजिटल खूण जाते.

तक्रारीआधी तिच्या आईला बोलावलं. आई एवढंच म्हणाली, ‘माका आधी कित्याक नाय सांगलंस?’

मुलगी म्हणाली, फोन काढून घेशील म्हणून.